तोंडाची चव गेली, की जगण्याची गोडी?

शेवटची किमो होऊन महिना लोटला. स्कॅन चांगला आला, डॉक्टर हसून बोलले, घरी पेढे आले. आणि ज्यांच्यासाठी आणले ते बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. "बाबा काही बोलूनच नाही राहिले" हे वाक्य नागपुरात मानेवाडा रोडवरच्या तुकडोजी कॅन्सर रुग्णालयापासून जामठ्याच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेपर्यंत कुठल्याही बाकावर कानावर पडतं. घरच्यांना कोडं पडतं. आजार आटोक्यात आला, मग माणूस का मिटत चाललाय? अशक्तपणा असेल, किमोची उष्णता असेल, वयच झालं. अशा तर्कांत दोन-तीन महिने सहज निघून जातात.

त्यातलं काही खरं असतंही. पण काही वेळा तो डिप्रेशनचा, म्हणजे नैराश्याचा आजार असतो. त्याला निदान आहे, उपचार आहेत आणि ते किमो चालू असतानाही करता येतात. २०११ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात, रुग्णांच्या प्रत्यक्ष मुलाखती घेऊन निदान केलेले बरेच अभ्यास एकत्र तपासले गेले. कॅन्सरच्या साधारण सहा रुग्णांमागे एकाला हा आजार निघाला. म्हणजे ही विरळ गोष्ट नाही. उरलेल्या पाचांना तो नव्हता, हेही तितकंच खरं. कॅन्सर झाला म्हणजे डिप्रेशन येणारच, असं मुळीच नाही.

बागेचा ताण आणि वाळत चाललेलं झाड

काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागायतदाराला 'ताण' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. आंबिया बहार धरायचा तर थंडीत बागेचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, काही गळतात. मग पाणी देऊन ताण तोडला की झाड फुलतं. तेवढा ताण झाड सोसतं. पण पाणी देऊनही पान ताठ होत नसेल, फांद्या शेंड्याकडून वाळत असतील, तर बागायतदार झाडाला "हिंमत धर" म्हणत बसत नाही. तो बुंध्याशी उकरून मुळं बघतो.

कॅन्सर कळल्यावर रडू येणं, झोप उडणं, "मलाच का" म्हणून देवावर चिडणं हा ताण झाला. हे दुःख लाटांनी येतं. रिपोर्टच्या आदल्या रात्री, टक्कल पडतं त्या दिवशी, बिल हातात आल्यावर. मध्ये लाट ओसरते, नातू मांडीवर बसला की माणूस हसतो. डिप्रेशनमध्ये लाट नसते, पाणी साचून राहतं. दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहतं किंवा कशातच रस वाटत नाही. सोबत स्वतःबद्दल "मी ओझं झालो", "माझ्यामुळे घर बुडालं" असे विचार ठाण मांडून बसतात.

जमीनही सारखी नसते. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत उशिरा. आधी कधी डिप्रेशन येऊन गेलेलं असणं, दारू, एकटेपणा, कर्ज आणि न थांबणारं दुखणं, या गोष्टी माणसाची जमीन हलकी करतात. तिथे "शेजारच्या वहिनी बघा कशा हसतमुख राहिल्या" ही तुलना निव्वळ अन्याय आहे.

शरीराची लक्षणं इथे फसवतात

एरवी डिप्रेशन ओळखायला भूक-वजन, झोप, थकवा आणि एकाग्रता यांचा चांगला उपयोग होतो. कॅन्सरमध्ये नेमकी हीच लक्षणं किमो आणि शेक, म्हणजे रेडिएशन, यांनीही येतात. किमोने तोंडाला धातूची चव येते, वरण मातीसारखं लागतं, दोन जिने चढले की दम लागतो. म्हणून चूक दोन्हीकडून होते. कधी थकव्यालाच डिप्रेशन समजलं जातं, कधी डिप्रेशन थकव्याच्या नावाखाली लपून जातं. दुसरी चूक जास्त होते.

यावर १९८४ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ जीन एंडिकॉट यांनी एक साधा तोडगा सुचवला. शरीराची चार लक्षणं बाजूला ठेवा आणि त्यांच्या जागी चार वेगळ्या गोष्टी बघा: चेहऱ्यावर कायमची उदासी किंवा सारखं रडू येणं, माणसांना टाळणं आणि बोलणं तुटणं, मनात तेच ते काळं घोळत राहणं, आणि चांगली गोष्ट घडली तरी मन न हलणं.

यातली चौथी खूण घरच्यांना सगळ्यात लवकर दिसते. समजा, काटोलकडचे पंचावन्न वर्षांचे शेतकरी किमोसाठी भरती आहेत. मुलगा फोनवर सांगतो, "बाबा, बागेला पाणी सोडलं." डबा न खाता परत गेला, तो औषधाने गेला असेल. रात्रभर डोळा लागला नाही, तो शेजारच्या पलंगावरच्या खोकल्याने लागला नसेल. पण मोटर नीट चालली का, किती ओळी भिजल्या, हे ज्या माणसाने विचारल्याशिवाय फोन कधी ठेवला नाही, तो "बरं" म्हणून मोबाइल उशीखाली सरकवतो, ही खूण किमोची नव्हे. किमोने तोंडाची चव जाते. गोडी गेली असेल, तर मनाकडे बघायचं. थकलेला माणूस "करायचंय, पण अंगात त्राण नाही" म्हणतो. डिप्रेशनमधला म्हणतो, "करून काय होणार?"

आणखी एक फसवणूक लक्षात ठेवा. माणूस एक-दोन दिवसांतच एकदम गप्प, झोपाळू, हरवल्यासारखा झाला, सकाळी बरा आणि संध्याकाळी तारीख-वार चुकवतो, असं असेल तर ते डिप्रेशन नसून मेंदूचा तात्पुरता गोंधळ असू शकतो. डॉक्टर त्याला डेलिरियम म्हणतात. डिप्रेशन आठवड्यांत चढतं, हा गोंधळ तासा-दिवसांत. घरच्या घरी बघायचं तर वारांची नावं उलटी म्हणायला सांगा: रविवार, शनिवार, शुक्रवार. एरवी जमणाऱ्या माणसाला आज जमत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाच्या तारखेची वाट बघू नका. जंतुसंसर्ग, सोडियम घटणं, लघवी अडणं, एखादं औषध, काहीही कारण असू शकतं. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आधी दोन प्रश्न, मग नऊ

गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं झालं? एक, कामात किंवा आवडीच्या गोष्टीत रस वाटला नाही. दोन, उदास, खचल्यासारखं, निराश वाटलं. प्रत्येकाला गुण असे: अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. बेरीज ३ किंवा जास्त आली, तर पुढचे सात प्रश्न विचारायचे. ते असे: झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा बेचैनी, आणि मेलेलं बरं असे विचार. ही नऊ प्रश्नांची यादी जगभर पीएचक्यू-९ नावाने वापरतात. एकूण गुण २७. बेरीज १० किंवा जास्त आली की डॉक्टरांना दाखवायचं. शेवटच्या प्रश्नाला शून्य सोडून काहीही उत्तर आलं, तर बेरीज न बघता त्याच दिवशी सांगायचं.

यात झोप, थकवा, भूक आहेतच, त्यामुळे कॅन्सरमध्ये गुण थोडे फुगतात. ही यादी चाळणी आहे, निदान नव्हे. आणि ती पूर्ण घोळक्यासमोर विचारू नका. सुनेसमोर सासरे "सगळं ठीक" च म्हणणार.

मनाचं औषध सुरू करण्याआधी रक्त बघा

उदास वाटण्यामागे कधी निव्वळ शरीरातली गडबड असते आणि ती दुरुस्त झाली की मनही उठतं. हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, सोडियम, कॅल्शियम, बी-१२ आणि साखर, एवढं तरी तपासलेलं असावं. मानेवर शेक घेतलेल्यांत थायरॉइड काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी मंदावते. म्हणून त्यांची टीएसएच दर ६ ते १२ महिन्यांनी तपासायची असते. उपचार संपल्यावर फाइल कपाटात जाते आणि हे राहून जातं. इम्युनोथेरपीनेही थायरॉइड बिघडते. हाडांत पसरलेल्या कॅन्सरमध्ये कॅल्शियम वाढलं की सुस्ती, तहान, बद्धकोष्ठ आणि उदासी एकत्र येतात.

औषधांचाही हिशेब मांडा. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये हार्मोन बंद करणारी इंजेक्शनं, स्तनाच्या कॅन्सरमध्ये हार्मोनच्या गोळ्या, झटके थांबवणारं लेव्हेटिरासिटॅम, या सगळ्यांनी मनःस्थिती बदलू शकते. मेटोक्लोप्रमाइडसारख्या उलटीच्या काही औषधांनी अशी बेचैनी येते की माणसाला एका जागी बसवत नाही, पाय सारखे हलतात. घरचे म्हणतात "टेन्शन घेऊन राहिले". टेन्शन नसतं ते. गोळी बदलली की थांबतं.

आणि दुखणं. ज्याला रात्रभर दुखतं त्याला समुपदेशन देणं म्हणजे तापाने फणफणलेल्याला पंखा घालणं. आधी वेदना आटोक्यात आणा. त्यासाठी मॉर्फिन लागलं तर घाबरू नका.

एकवीस दिवसांचं कॅलेंडर

बऱ्याच किमो दर २१ दिवसांनी असतात. त्यांच्यासोबत उलटी आणि ॲलर्जी टाळायला डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड देतात. ते चालू असेपर्यंत माणूस टवटवीत, कधी अति बोलका, रात्री जागा. थांबलं की दोन-तीन दिवस एकदम खाली. हा उतार आणि डिप्रेशन वेगळं करायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

रोज रात्री जेवणानंतर एक प्रश्न विचारायचा: आज मनाला किती जड गेलं, ० ते १०? शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य. जो आकडा येईल तो त्या तारखेच्या चौकटीत लिहायचा. किमोच्या दिवसापासून ३, २, ३, मग ७, ८, ७, मग ५, ४, ३, ३, आणि पुढच्या किमोपर्यंत २-३ वर स्थिर, असं दिसलं तर तो स्टेरॉइडचा उतार. डॉक्टरांना दाखवा. डोस सकाळी हलवणं किंवा हळूहळू कमी करणं जमू शकतं. स्वतःहून मात्र स्टेरॉइड बंद करायचं नाही. पण चौकटींत ७, ७, ८, ७, ७, ८ अशी सपाट रांग एकवीस दिवस दिसली, तर ती औषधाची चाल नव्हे.

आकडा ४ किंवा जास्त असेल तर विचारपूस करायची, हा कॅन्सर रुग्णालयांतला रूढ निकष आहे. कॅलेंडरचा खरा फायदा वेगळाच. ओपीडीत डॉक्टरांपुढे दोन-तीन मिनिटं मिळतात, त्यात "कसे आहात?" ला "बरं हाय" हेच उत्तर निघतं. मोबाइलवर महिन्याच्या पानाचा फोटो दाखवला की बोलणं तिथूनच सुरू होतं.

खर्रा सुटला, त्याचं काय?

विदर्भात हा विषय खर्ऱ्याशिवाय पुरा होत नाही. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून तयार झालेली पुडी दिवसाला आठ-दहा वेळा तोंडात जायची, ती निदानाच्या दिवशी बंद होते. निकोटिन अचानक सुटलं की चोवीस तासांच्या आत चिडचिड, उदासी, झोपमोड, अस्वस्थता सुरू होते. दोन-तीन दिवसांत कळस गाठते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते. म्हणजे ऑपरेशनच्या आसपासची बरीचशी उदासी निकोटिनची असू शकते. तोंडात जखमा असताना निकोटिनचा च्युइंगगम चालत नाही. त्वचेवर लावायची पट्टी मिळते, ती डॉक्टरांना विचारून घ्यावी.

तोंडाच्या कॅन्सरचं दुखणं आणखी खोल असतं. जबडा काढलेला, बोलणं समजत नाही, लाळ गळते, चहा नाकातल्या नळीतून. ज्या ओट्यावर संध्याकाळ जायची तिथे जाववत नाही. त्यात शेकाच्या ३०-३५ बैठका, सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, चेहऱ्यावर घट्ट बसणारा जाळीचा मास्क आणि टेबलाला बांधलेलं डोकं. मास्कमध्ये जीव घाबरत असेल तर आधीच सांगा. हात वर केला की मशीन थांबेल ही खूण ठरवता येते, गरज पडली तर गोळीही देतात. थकवा शेवटच्या आठवड्यांत आणि नंतरही काही आठवडे सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे "शेक संपला, आता उठा" हा आग्रह चुकीच्या वेळी होतो.

आणि सगळ्यांच्या वर "मीच ओढवून घेतलं" ही टोचणी. घरात कोणी "सांगत होतो ना, नको खाऊ" म्हणत असेल, त्याला बाहेर नेऊन गप्प करा. वाणी-उपचार मात्र लवकर सुरू करा. माणसाला पुन्हा बोलता आलं की मनाचं निम्मं ओझं उतरतं. तोवर पाटी किंवा मोबाइलवर लिहून बोलायची सोय हवी.

"पण पॉझिटिव्ह राहिलं नाही तर कॅन्सर वाढेल ना?"

हे इतक्या प्रेमाने सांगितलं जातं की त्यातला छळ दिसत नाही. उदास विचाराने गाठ वाढते आणि हसल्याने विरघळते, याला आधार नाही. डिप्रेशनने नुकसान होतं ते बरंचसं वेगळ्या वाटेने: किमोची तारीख चुकते, गोळ्या राहतात, खाणं थांबतं, नवीन गाठ लागली तरी सांगितली जात नाही. म्हणून उपचार करायचा. पण रोज हसण्याची सक्ती केली की माणूस रडायचं तेवढं न्हाणीघरात जाऊन रडतो आणि वर "माझ्या विचारांमुळेच वाढला" हा अपराधही डोक्यावर घेतो.

निदान लपवण्याचंही तसंच. "आईला सांगू नका, खचेल" असं ठरतं. आई किमोच्या खुर्चीवर बसते, शेजारच्या बाईशी बोलते, आणि तिला सगळं कळतं. मग तिला घरच्यांपुढे न कळल्याचं नाटक करावं लागतं. एकदा विचारून बघा: "आजाराबद्दल तुला किती माहिती हवी? डॉक्टरांनी तुझ्याशी बोलावं की माझ्याशी?" उत्तर काहीही आलं तरी ते तिचं असेल.

"एवढ्या गोळ्यांत आणखी एक?"

हा आक्षेप रास्त आहे. सौम्य डिप्रेशनला गोळी लागतेच असं नाही, बोलण्याचे उपचार आणि खालच्या भागात सांगितलेल्या गोष्टी पुरतात. मध्यम आणि तीव्र असेल तर गोळीचा विचार करतात.

डिप्रेशनवरच्या गोळ्यांची सवय लागत नाही. नशा येत नाही, डोस वाढवत न्यावा लागत नाही. पण एकदम बंद केल्या तर चक्कर, झिणझिण्या, बेचैनी येते, म्हणून हळूहळू उतरवतात. असर दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण फायद्याला सहा-आठ. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी होऊ शकते. नेमक्या याच वेळी बरेच जण "सूट नाही झाली" म्हणून सोडून देतात, म्हणजे पैसे भरून बस सुटायच्या आधी उतरतात. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने तरी घ्यायची असते.

सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या-घबराटीच्या गोळीची, जी ओळखीच्या औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय आणली जाते. ती डिप्रेशन बरं करत नाही. म्हाताऱ्या माणसाला पाडते, गोंधळवते. थोडे दिवस, डॉक्टरांच्या हिशेबाने, एवढंच तिचं काम.

कॅन्सरमध्ये गोळी निवडताना जे बघावं लागतं, ते रुग्णानेही माहीत करून घ्यावं. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन टाळतात. टॅमॉक्सिफेनचं कामाच्या रूपात रूपांतर करणारं यकृतातलं एन्झाइम या दोन्ही अडवतात. व्हेन्लाफॅक्सिनसारखे पर्याय आहेत, त्याने अंगातून निघणाऱ्या गरम वाफाही कमी होतात. भूक, झोप, मळमळ तिन्ही बिघडलेल्याला मिर्टाझापिन पुष्कळदा सोयीची पडते, रात्री एकदा घ्यायची. प्लेटलेट कमी असतील तर एसएसआरआय या डिप्रेशनवरच्या नेहमीच्या गटातल्या गोळ्यांनी रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते. याच गटातल्या एस्सिटालोप्रामसोबत उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन चालू असेल तर ईसीजी काढून ठेवतात. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल चालू असेल तर ते न विसरता सांगायचं, काही जोड्या एकत्र चालत नाहीत. यातलं काहीही स्वतः ठरवायचं नाही. पण सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून मानसोपचारतज्ज्ञाकडे नेणं तुमच्या हातात आहे, आणि त्यांची चिठ्ठी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवणंही.

फायदा किती होतो? स्कॉटलंडमध्ये डिप्रेशनचं निदान झालेल्या ५०० कॅन्सर रुग्णांवर झालेला आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याचं सरळ उत्तर देतो. प्रशिक्षित परिचारिका, मानसोपचारतज्ज्ञ आणि नेहमीचे डॉक्टर यांनी मिळून नीट पाठपुरावा केलेल्या गटात २४ आठवड्यांनी १०० पैकी ६२ जणांची लक्षणं निम्म्याने किंवा जास्त उतरली. नेहमीच्या पद्धतीने उपचार मिळालेल्यांत १०० पैकी १७. दोन्हीकडे गोळ्या उपलब्ध होत्याच. फरक पडला तो पाठपुराव्याने: फोन करून विचारणं, गुण मोजणं, उतार नसेल तर डोस बदलणं.

गोळीखेरीज काय?

"मन रमव" हा सल्ला निरुपयोगी आहे, कारण मन रमत नाही हाच आजार आहे. इथे उलट्या दिशेने जायचं. मूड आला की करू, असं नाही. आधी करायचं, मूड मागून येतो. फक्त घास लहान हवा. सकाळी आठला खुर्चीत बसून चहा. दहाला कुंडीला पाणी. पाचला एक फोन. तीन गोष्टी, वेळेसह कागदावर. त्यातली एक तरी अशी हवी की जिचा दुसऱ्या कुणाला उपयोग होईल: नातवाला पाढे विचारणं, मेथी निवडणं, दुधाचा हिशेब. "तू बस, आम्ही करतो" म्हणत घरचे माणसाच्या हातातलं सगळं काढून घेतात आणि "मी ओझं" ही भावना स्वतःच पक्की करतात.

चालणं थकव्यावरही औषध आहे, हे पटायला जड जातं. दहा मिनिटांपासून सुरुवात करून दर दोन-तीन दिवसांनी दोन मिनिटं वाढवा. मे महिन्यातल्या नागपुरात हे पहाटे साडेपाच ते साडेसहा किंवा घराच्या ओसरीतच. ताप असेल, प्लेटलेट फार कमी असतील, हाडात आजार असेल, तर आधी विचारा. दुपारची झोप अर्ध्या तासावर तोडा, नाहीतर रात्र लांबते. पैशाची काळजी असेल तर रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. सरकारी योजना, रेल्वेत उपचाराच्या प्रवासाला मिळणारी सवलत, यांचे कागद तिथे मार्गी लागतात. एक कागद मार्गी लागला तरी रात्रीची झोप सुधारते, हे कुठल्याही उपदेशापेक्षा खरं.

"पागलखान्यात नाव लागेल"

नागपुरात मनोरुग्णालयाजवळच्या चौकालाच लोकांनी हे नाव दिलंय, तेव्हा भीती कुठून येते ते उघड आहे. पण डिप्रेशनसाठी तिथे भरती व्हावं लागत नाही. मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे मनोविकार विभागाची ओपीडी आहे, इतर ओपीडीसारखाच केसपेपर काढून दाखवायचं. (बाहेरगावच्यांसाठी: नागपुरात 'मेडिकल' म्हणजे औषधाचं दुकान नव्हे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय; 'मेयो' म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं.) जिथे कॅन्सरचा उपचार चालू आहे तिथेच समुपदेशक आहे का हे आधी विचारा, एक फेरी वाचते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच बरोबरीने संरक्षण द्यायचं आहे.

बालाघाट, गडचिरोली, यवतमाळकडून येणाऱ्यांना दर आठवड्याला नागपूर जमत नाही. त्यांच्यासाठी टेली-मानस आहे: १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली केंद्र सरकारची सेवा, मोफत, चोवीस तास, मराठीतून.

कॅन्सरच्या डॉक्टरांकडे जाताना चिठ्ठीवर चार ओळी लिहून न्या, उदाहरणार्थ: "तीन आठवड्यांपासून कशात रस नाही. पहाटे तीनला जाग येते, मग झोप नाही. दोनदा म्हणाले, उपचार बंद करा. आधी कधी असं झालं नव्हतं." डिप्रेशन हा शब्द नसला तरी चालेल. किती दिवस, काय बदललं, काय बोलले, आधी झालं होतं का, एवढं असलं की डॉक्टर पुढचं बघतात.

मरणाची भाषा निघाली तर

"देवा, आता ने" असं दुखण्याच्या भरात बरेच जण म्हणतात. पण ते झटकून टाकू नका, आणि विचारायला घाबरू नका. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. ज्याच्या डोक्यात असते त्याला उलट सुटका वाटते. शांतपणे, एकट्यात: "झोपेतून उठूच नये असं वाटतं का? स्वतःला संपवावं असं मनात येतं का? काही ठरवलंय का?" तिसऱ्याचं उत्तर होकारार्थी किंवा टाळाटाळीचं आलं, तर माणसाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी रुग्णालय. रात्री-बेरात्री १०८ किंवा ११२. घरातली फवारणीची औषधं शेजाऱ्याकडे कुलपात, दुखण्याच्या आणि झोपेच्या गोळ्या घरच्या एका माणसाच्या ताब्यात, रोज लागतील तेवढ्याच बाहेर. निदानानंतरचे पहिले काही आठवडे यासाठी विशेष जपायचे असतात.

सोबतच्या माणसाचा आकडा

वॉर्डाबाहेर चटईवर झोपणाऱ्या सोबत्याला कुणी रस आणि उदासीचे ते दोन प्रश्न विचारत नाही. बायको असेल तर ती घर, शेत, डबा आणि रुग्ण एकत्र ओढते. आठवड्यातला एक दिवस तरी दुसऱ्या माणसाची पाळी लावा, आणि त्या दिवशी तिने रुग्णालयाची कामंही करायची नाहीत. तिच्या रक्तदाबाची गोळी चालू आहे का, हेही बघा.

कॅलेंडरच्या त्याच चौकटीत खाली, वेगळ्या शाईने, तिचा आकडा लिहायचा. सुरुवातीला ती "मला काय झालंय" म्हणेल. म्हणून तो आकडा विचारायचं काम रुग्णाकडे द्या. रोज रात्री पेन त्याच्या हातात, प्रश्न त्याचा: "आज तुला किती?"